विषय शुक्रवारी कळेल

ग्लोबल गेम जॅमचा विषय जानेवारीअखेरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी कळतो. त्याची तयारी आमच्या बंगळुरूत दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत सुरू होते.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही त्यांच्या माहितीसाठी : शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एक विषय देतात आणि रविवारपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत, त्यावर खेळता येईल असा व्हिडिओ गेम करून दाखवायचा. २००९ साली हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा २३ देशांतली माणसं बसली होती. आता शंभरावर देश बसतात. विषयही एकेक असे असतात की निबंधाच्या वहीने हात टेकावेत. २०१२ साली स्वतःचीच शेपटी गिळणाऱ्या सापाचं नुसतं चित्र दाखवलं. २०१३ साली हृदयाचे ठोके ऐकवले आणि म्हणाले, करा सुरू. २०२४ साली विषय होता ‘मला हसवा’. त्या संध्याकाळी जगभरात हजारो माणसं एकदम गंभीर झाली असणार.

विषय अर्थातच गुप्त. म्हणजे ज्या एका गोष्टीची तयारी करायला हवी, नेमकी तिचीच करता येत नाही. साधा माणूस इथे थांबेल आणि शुक्रवारची वाट बघेल. बंगळुरूतला माणूस इथे एक्सेल शीट उघडतो.

आमचा चौघांचा संघ आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत आज दहा महिन्यांचं डिपॉझिट भरून राहणारी आम्ही मराठी माणसं. नागपूरकर कोड लिहितो. बेळगावकर चित्रं काढतो आणि जगाशी कन्नडात बोलतो. पुणेकर गेमची रचना करतो, म्हणजे इतरांनी केलेलं का चुकलं ते सांगतो. शीटमध्ये माझ्या नावापुढे ‘गोष्ट, संवाद व इतर’ असं आहे. गोष्ट आणि संवाद शुक्रवारनंतर लागतील. इतरमध्ये चहा येतो, तो आत्तापासून लागतो.

तयारीचा पहिला टप्पा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. दुसरा टप्पा संघाच्या नावाचा, आणि इथे दोन आठवडे सहज जातात. नाव परदेशी जिभेला वळायला हवं आणि मराठी मनाला लाज वाटायला नको, ही पुणेकराची अट. नागपूरकराने ‘सावजी’ सुचवलं. बेळगावकराने लगेच ‘कुंदा’ पुढे केला. सावजी खाऊन वर कुंदा खावा, यावर एकमत झालं, नावावर झालं नाही. तूर्त ग्रुपचं नाव ‘नाव नंतर ठरवू’ आहे. बेळगावकराने त्याचाच फार सुरेख लोगो केला आहे, तीन रंगांत, हलणारा.

त्यानंतर इंजिनाचा वाद. गेम इंजिन म्हणजे गुरुत्वाकर्षण, टक्कर, उजेड-सावली या गोष्टी आयत्या देणारं सॉफ्टवेअर. अनेकांचा हात युनिटीवर बसलेला होता. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केलं की गेम जेवढ्या वेळा इन्स्टॉल होईल तेवढी फी लावू. जगभर आरडाओरडा झाला, वर्षभराने कंपनीने तो बेतच रद्द केला. पण तोवर बरीच मंडळी गोडोकडे गेली होती. गोडो फुकट आहे, खुलं आहे, मूळचं अर्जेंटिनाचं आहे, आणि त्याचं नाव बेकेटच्या नाटकातल्या त्या कधीच न येणाऱ्या माणसावरून ठेवलं आहे. पुणेकराला एवढं कारण पुरलं. नागपूरकर मात्र हिशेबाचा माणूस.

“ती फी केव्हा लागनार होती?” त्याने विचारलं. “आधी वर्षात दोन लाख डॉलर कमवा, वरून दोन लाख इन्स्टॉल करा, मग. आपला गेम आतापर्यंत किती लोकायनं इन्स्टॉल केला?”

“माझ्या बहिणीने,” बेळगावकर म्हणाला. “नंतर काढून टाकला. फोनमध्ये जागा नव्हती म्हणे.”

“मग काऊन टेन्शन घेऊन राहिले बे?”

तरी तत्त्व म्हणून गोडो ठरलं. ज्या संकटापर्यंत आपली पोच नाही त्याचा निषेध करायला बंगळुरूतल्या मराठी माणसाला विशेष आवडतं.

आमच्या बैठका दर्शिनीत होतात. दर्शिनी ही या शहराने देशाला दिलेली मोठी देणगी : तिथे खुर्ची नसते. उंच गोल टेबलाशी उभं राहायचं, इडली-वडा संपवायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. ऑफिसातली स्टँडअप मीटिंग गुबगुबीत खुर्च्यांवर पाऊण तास चालते. दर्शिनीतली खरोखर उभ्याने होते आणि सांबार संपलं की संपते, कारण मागे ताट घेऊन कोणीतरी आपल्याकडे एकटक बघत असतं. चौघांत दोन कॉफ्या, ‘बाय टू’ करून. एवढ्या शिस्तीत चाललेलं दुसरं काम मी या शहरात पाहिलेलं नाही.

अशाच एका बैठकीत गेमचा बेत ठरला. विषय ठाऊक नसताना बेत कसा ठरला, असं कोणी विचारील. पुणेकराचं म्हणणं असं की महाभारत घेतलं की विषयाची चिंता उरत नाही. व्यासांनी काही उष्टं करायचं बाकी ठेवलंय का? आम्ही त्याची परीक्षा घेतली. २०१६ चा विषय, विधी? “राजसूय यज्ञ.” २०१९ चा, घर म्हणजे काय? “लाक्षागृह.” २०२१ चा, हरवले-सापडले? “कर्ण.” २०२५ चा, बुडबुडा? इथे तो अडकेल अशी आमची आशा होती. त्याने वड्याचा तुकडा सांबारात बुडवला, वर येणारे बुडबुडे पाहिले आणि म्हणाला, “शेवटी दुर्योधन डोहात लपून बसतो. भीमाने त्याला शोधायचं कशावरून?” यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

तर महाभारत. अठरा दिवस, अठरा टप्पे, खुलं मैदान, दोन्ही बाजूंची मिळून अठरा अक्षौहिणी सेना. नागपूरकराने कागदी रुमालावर अंदाजपत्रक मांडलं. आमच्या धंद्यात कामाला गुण देतात, १, २, ३, ५, ८, १३ असे. ‘योद्धा उडी मारतो’ याला त्याने तीन गुण दिले आणि ‘योद्धा खाली येतो’ याला आठ. पुणेकराने खुलासा मागितला. “चढनं सोपं आहे,” नागपूरकर म्हणाला. “जमिनीवर थांबनं कठीण. नाही तर तो पाताळातच जाते.” ज्याने कोणी एकदा तरी गेम केला आहे त्याला हे पटेल. त्या दिवशी कॉफी संपेपर्यंत सेना गेली. दुसरी कॉफी संपेपर्यंत सतरा दिवस गेले. उरला तेरावा दिवस : अभिमन्यू आणि चक्रव्यूह.

खरेदीचा शनिवार हा तयारीतला सर्वांत आनंदाचा भाग. एस. पी. रोडवर सगळं विजेचं सामान मिळतं आणि आपल्याला नेमकं काय हवं होतं ते तिथे विसरायला होतं. आम्ही एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायला गेलो. दुकानदाराने पुढे ठेवलेल्या बोर्डाला सहा भोकं होती. बेळगावकराने पिशवीतून चारही लॅपटॉपांचे चार्जर काढून जागेवर लावून पाहिले. पहिल्या चार्जरच्या विटेएवढ्या अ‍ॅडॉप्टरने शेजारचं भोक झाकलं. दुसरा उलटा लावला तर त्याने वरचं बटण दाबून सगळा बोर्डच बंद केला. तिसऱ्याची तीन जाड पिनांची जात, ती त्या भोकात शिरेना. सहा भोकांच्या बोर्डावर दोन लॅपटॉप, असा हिशेब निघाला. दुकानदाराने हे सगळं शांतपणे पाहिलं आणि कपाटातून दुसरा बोर्ड काढला. त्याची भोकं वीतभर अंतरावर होती. आमच्यासारखी मंडळी त्याच्याकडे रोज येत असावीत. किंमतही त्या मानाने लावली होती.

बाकीची तयारी जगाने आमच्यासाठी आधीच करून ठेवली आहे, आणि या गोष्टीचं मला खरंच अप्रूप वाटतं. लुडम डेअर नावाची अशीच एक स्पर्धा २००२ पासून चालते. तिच्या एकट्याने उतरायच्या प्रकारात चित्रं, आवाज, सगळं त्याच अठ्ठेचाळीस तासांत स्वतः करायचं असतं. २००७ सालच्या डिसेंबरात डॉक्टर पेटर या टोपणनावाच्या एका स्वीडिश गृहस्थाने पाहिलं की आवाज करायला कोणाला वेळच उरत नाही. त्याने त्या खेपेसाठी एक छोटं साधन लिहिलं. बटण दाबलं की ‘नाणं उचलल्याचा’, दुसरं दाबलं की ‘स्फोटाचा’ आवाज तयार. त्या साधनाची भावंडं आजही जॅममधली निम्मी जनता वापरते. नेदरलँड्समधला केनी तर हजारो चित्रं बिनअटी वाटून बसला आहे. घ्या, वापरा, नाव लिहिलं नाही तरी चालेल. ज्या खेळात मंडळी एकमेकांच्या विरुद्ध उतरतात त्यातली निम्मी हत्यारं त्यांनीच एकमेकांना फुकट दिलेली आहेत.

त्या लुडम डेअरमध्ये विषय मतदानाने ठरतो. कोणी ‘एकटेपणा’ सुचवतं, कोणी ‘दहा सेकंद’. आणि वर्षानुवर्षं कोणी ना कोणी ‘बटाटा’ सुचवतं. बटाट्यामागचं हे सातत्य पाहून ऊर भरून येतो.

आता घरच्यांना सांगणं. हा टप्पा शीटमध्ये नाही, पण टळत नाही. मी आईला फोन केला.

“शनिवार-रविवार सुट्टी आहे ना तुला?”

“हो, म्हणून तर जागायचंय.”

“ऑफिसचं काम?”

“नाही गं. गेम करायचाय.”

“पैसे देतात?”

“नाही.”

“मग बक्षीस?”

इथे मी जरा अडखळलो. ग्लोबल गेम जॅमवाले स्वतःच सांगतात की ही स्पर्धा नव्हे. पहिला नंबर नाही, दुसरा नाही. काही केंद्रं आपापली छोटी बक्षिसं देतात, तेवढंच.

“म्हणजे जिंकलात की हरलात हेसुद्धा कळणार नाही?” आई म्हणाली. “अरे, मग एवढी चार माणसं जागून करणार काय? त्यापेक्षा जेजुरीला जा. तिथे निदान जागरणाचं पुण्य लागतं.”

अशा वेळी आमच्याकडे तीन उदाहरणं तयार असतात. पहिलं २०१३ चं. हृदयाच्या ठोक्यांवर लंडनच्या एका चमूने धड पेनसुद्धा उचलता न येणारा सर्जन केला आणि त्याला हृदय बदलायला बसवलं. ‘सर्जन सिम्युलेटर’ पुढे जगभर खपला. दुसरं ‘बाबा इज यू’चं, फिनलंडच्या एका माणसाने तो २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केला आणि ती जॅम जिंकली. तिसरं स्वीडनमधल्या एका बकरीचं, तिच्याकडे वळायचंच आहे. ही उदाहरणं आईला सांगितली की ती म्हणते, “त्या सर्जनला तरी पगार असेल.”

पण माझं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते बंगळुरूत राहिल्याशिवाय कळायचं नाही. या शहरात गोष्टी सुरू फार होतात. इजीपुरा ते कोरमंगला असा उड्डाणपूल २०१७ साली सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षं त्याचे नुसते खांब उभे होते आणि खालून जाणारी पोरं शाळेतून कॉलेजात गेली. ऑफिसात दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपतो आणि त्यातलं काम उठून पुढच्या स्प्रिंटमध्ये जाऊन बसतं. दहा-दहा वर्षं नोकरी केलेला माणूस ‘हे मी केलं आणि हे झालं’ असं बोट ठेवून दाखवू शकत नाही. जॅममध्ये रविवारी संध्याकाळी एक गोष्ट झालेली असते. वाईट असेल, लंगडी असेल, पण झालेली असते. पाच दिवस बिनशेवटाचं काम करणारी माणसं दोन दिवस फुकट राबतात ती एवढ्यासाठी.

आता ती व्हायची कशी, याची रंगीत तालीम जानेवारीतल्या एका शनिवारी माझ्या घरी झाली. पुणेकर कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका करत असे, त्यामुळे तालमीबद्दल त्याची मतं कडक. जॅम म्हणजे शेवटी एकांकिकाच : वेळ मोजून, मंडळी चार, आणि नेपथ्य आदल्या रात्री ओलं. फरक इतकाच की इथे संहिता पडदा उघडल्यावर मिळते. त्याने सकाळी आठची वेळ दिली होती. बंगळुरूची रहदारी लक्षात घेता अकरा वाजता सगळे वेळेवर आले.

संध्याकाळी चारपर्यंतचं काम असं : सुरुवातीचा पडदा तयार. त्यावर हलणारा लोगो. आवाज कमी-जास्त करायची पट्टी, भाषा निवडायची सोय, मराठी, कन्नड व इंग्रजी. श्रेयनामावली, तिच्यात आईचे आभार. ‘खेळ सुरू करा’ हे बटण दाबलं की काहीच होत नव्हतं, कारण खेळ नव्हता. चार ते सात या वेळात अभिमन्यूचे हात गेले, कारण हात काढणं अवघड. मग पाय गेले, कारण चालणं त्याहून अवघड. कौरव आधीच गेले होते. चक्रव्यूहाच्या सात फेऱ्यांतली एक उरली. सव्वासातला पडद्यावर एक वर्तुळ होतं, त्यात एक चौकोन, आणि बाण दाबला की चौकोन सरकत होता.

सरकला मात्र, पुणेकराने खुर्चीवर चढून “अरे, आव्वाज कुणाचाऽऽ!” अशी आरोळी ठोकली. भरत नाट्य मंदिरात ती शोभते. बंगळुरूच्या शांत गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ठोकली की खालून घरमालक येतात.

आमचे घरमालक निवृत्त सरकारी अभियंता. जानेवारीत कानटोपी घालतात. दारात उभे राहून त्यांनी चार लॅपटॉप, तारा आणि दाढ्या पाहिल्या. “एनु सार, परीक्षेना?” बेळगावकराने कन्नडात खुलासा केला, की गेम करतोय. बंगळुरूला या धंद्याचं नवल नाही. ध्रुवा इंटरॅक्टिव्ह ही देशातल्या अगदी पहिल्या गेम कंपन्यांतली एक इथेच १९९७ साली निघाली आणि २०१९ साली ती थेट रॉकस्टारने घेतली. घरमालकांनी हे पेपरात वाचलं होतं. त्यांनी आदराने चपला काढल्या आणि खुर्ची ओढून बसले. “खेळून दाखवा.”

मी त्यांना बाण दाखवले. एक बोट, तेही करंगळीशेजारचं, त्यांनी उजव्या बाणावर ठेवलं ते उचललंच नाही. चौकोन सरकत सरकत वर्तुळाच्या भिंतीला लागला, थरथरला, आणि भिंतीत शिरला.

“गोडे ओळगे होग्तिदे!” भिंतीच्या आत चाललाय! घरमालक एकदम पुढे वाकले. चौकोन पलीकडून बाहेर पडला. ते इतके हसले की कानटोपी कपाळावर आली. “चेन्नागिदे, चेन्नागिदे!” त्यांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा भिंतीतून नेला. मग खालून बायकोला बोलावलं.

पुणेकराचा चेहरा पांढरा पडला होता. “अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर आला,” तो हळूच म्हणाला. “एवढ्या युगांत जमलं नव्हतं.”

“बग आहे, दोन मिंटात काढतो,” नागपूरकर म्हणाला.

“हात लावू नकोस,” बेळगावकर म्हणाला, आणि इथे ती बकरी येते. ‘गोट सिम्युलेटर’ ही कॉफी स्टेन स्टुडिओने आपल्याच ऑफिसातल्या जॅममध्ये केलेली थट्टा. १ एप्रिल २०१४ रोजी तिचा पुरा गेम विकायला आला तेव्हा त्यातल्या चुका स्टुडिओने मुद्दाम ठेवल्या होत्या. गेम बंद पडेल अशा तेवढ्या दुरुस्त केल्या. बकरीची मान लांबते, बकरी भिंतीत अडकते, लोक हसतात. मंडळी हसतायत ते ठिकाण काढून टाकायचं नसतं, एवढी अक्कल एका बकरीकडून घ्यायला हरकत नाही.

त्या रात्री शीटला एक नवं पान जोडलं : ‘काय करायचं नाही’. दिवाळीपासूनच्या सगळ्या तयारीत कामाचं पान हे एवढंच. श्रेयनामावली शेवटच्या तासाआधी नाही. तीन भाषा नाहीत. हात नाहीत. पाय नाहीत. दुसरा टप्पा नाही. रविवारी दुपारी ‘एक भारी कल्पना सुचली’ असं म्हणणाऱ्याने तिघांना डोसा द्यायचा. झोप मात्र आहे; शनिवारी रात्री जागून लिहिलेला कोड रविवारी सकाळी स्वतःलाच कन्नड वाटतो, आणि बेळगावकरालाही वाचता येत नाही. दर बैठकीत पान वाढतं आहे आणि गेम लहान होतो आहे. महाभारत आता एका ठिपक्यावर आलं आहे. ठिपका सरकतो, भिंतीत शिरतो, घरमालक हसतात. एवढं मात्र पक्कं चालतं.

पुणेकराला याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण परवा दर्शिनीत तोच समजावून सांगत होता. ठिपका तयार आहे, त्याला काय म्हणायचं ते शुक्रवारी ठरवायचं. ‘लाटा’सारखं काही आलं तर तो होडी. ‘मुळं’ आलं तर बी. ‘बुडबुडा’ पुन्हा आला तर काही करायलाच नको.

“आणि बटाटा?” नागपूरकराने विचारलं.

पुणेकराने ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बेळगावकराकडे वळून म्हणाला, “थोडा लांबट कर.”